गप्प माग

मे महिन्यातल्या एका रात्री अडीच वाजता आमच्या घरात काहीतरी ओरडलं. पीक्. मग आठ-दहा सेकंद शांतता, आणि पुन्हा पीक्. सोलापुरात मे महिन्यात रात्री झोपलेलं कुणी नसतंच, डोळे मिटून पंख्याला शिव्या देत पडलेलं असतं. त्यामुळे तो आवाज आम्हा दोघांना एकदमच ऐकू आला. 'इन्व्हर्टरचं पाणी संपलं असेल,' ही म्हणाली. मी उठून पाणी पाहिलं, होतं. फ्रीजचं दार उघडून पुन्हा लावलं. ड्रॉवरमधले तीन मेलेले मोबाइल कानाला लावून झाले. शेवटी मेन स्विच पाडला आणि इन्व्हर्टरही बंद केला. पंखा थांबला, दिवा गेला, आणि अंधारात एका पीक्ऐवजी दोन वेगवेगळ्या आवाजांतली पीक् पीक् सुरू झाली.

त्यातला दुसरा आवाज यूपीएसचा होता. वीज मीच घालवली आणि तो बिचारा वीज गेल्याची वर्दी देत होता. त्याच्या वायरीला धरून बॅटरीच्या उजेडात मी पुढच्या खोलीतल्या कपाटापाशी पोचलो. कपाटावर आमच्याच कारखान्याचा मोराच्या काठाचा एक नॅपकिन कशावर तरी नीट चार कोपरे जुळवून पांघरलेला होता, आणि पीक् त्याच्याखालून येत होतं. नॅपकिन उचलला. खाली मिठाईच्या दोन किलोच्या खोक्याएवढा काळा डबा होता, हात ठेवला तर तव्यासारखा तापलेला. 'धूळ बसती म्हणून मी झाकलं होतं,' ही म्हणाली. डब्याच्या पाठीमागे गरम हवा बाहेर फेकणारा पंखा असतो, हे मला तेव्हा कळलं. त्या पंख्यावर आमच्याच टॉवेलांच्या तंतूंची गादी साठली होती.

हा डबा म्हणजे नॅस. सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या लेकीनं तो आणून बसवला. नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. मराठीत सांगायचं तर घरातल्या वायफायच्या जाळ्याला टांगलेलं कपाट. त्यात ठेवलेली फाइल घरातला कुठलाही कॉम्प्युटर काढू शकतो, परत ठेवू शकतो. बसवताना तिनं मला सगळं समजावलं होतं आणि मी 'हां, हां' म्हटलं होतं. सकाळी तिला फोन करून सांगितलं, 'अगं, नॅस गेली वाटतं.' पलीकडून तिच्या सासूबाईंचा काळजीचा आवाज आला, 'कुठली नस? मानेतली का कमरेतली?' त्यांना खरं काय ते समजावून सांगेपर्यंत माझी मानेतली नस खरोखरच आखडली.

लेक म्हणाली, 'बाबा, घाबरू नका. ती टू-बे आहे.' बे म्हणजे खण, टू-बे म्हणजे दोन खणांची. पण सोलापूरकराच्या कानाला 'बे' ऐकलं की कुणीतरी अंगावर आल्यासारखं वाटतं. 'काय बे' हे आमच्याकडे प्रेमानंही म्हणतात आणि कॉलर धरतानाही. 'बरं, त्या बेचं काय करायचं?' मी विचारलं. तिनं ब्राउझरमध्ये एकशे ब्याण्णवपासून सुरू होणारा एक लांबलचक आकडा टाकायला लावला. पडद्यावर दोन चौकटी आल्या. नाव आणि पासवर्ड. नाव मला आठवत होतं.

पासवर्ड मी त्या वर्षीच्या कालनिर्णयवर लिहून ठेवला होता, एवढंही आठवत होतं. पण सहा वर्षांपूर्वीचं कालनिर्णय कोण ठेवतं? रद्दीवाल्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला. ही स्वयंपाकघरात गेली आणि डाळीच्या डब्यामागून पिवळी पडलेली एक पिशवी घेऊन आली. मागच्या बाजूला तिच्या आवडीची पाककृती छापलेली असली की ते पान ती फाडून ठेवते. नोव्हेंबरच्या पानामागे कसल्याशा वड्या होत्या आणि पुढच्या बाजूला, एकादशीच्या चौकोनात, माझ्या अक्षरातला पासवर्ड. तीस वर्षं मी त्या पिशवीला कचरा म्हणत आलो होतो. त्या दिवसापासून म्हणत नाही.

आत गेल्यावर लाल अक्षरांत दिसलं ते असं: डिस्क १ ठीक, डिस्क २ निकामी, आणि खाली 'रेड डिग्रेडेड'. मी अंगणात उभा राहून फोनवर ते मोठ्यानं वाचलं, 'अगं, रेड म्हणतंय! रेड!' शेजारचे सुताचे व्यापारी दाढीचा फेस तसाच ठेवून कुंपणापाशी आले आणि दबक्या आवाजात विचारते झाले, 'कुणावर ओ? इन्कम टॅक्स का जीएसटी?' त्यांना आत पाठवायला पाच मिनिटं लागली. ही रेड वेगळी. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या बऱ्याच डिस्का एकत्र बांधा, आणि एखादी मेली तरी माहिती मरणार नाही अशी सोय करा, असं त्यात होतं. त्याच्या लांब इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजे रेड. माझ्या भाषांतरात 'स्वस्त डिस्कांची जरुरीपेक्षा जास्त रांग'. लेक हसली. 'आपली साधी आहे, बाबा. आरसा. एका डिस्कवर जे लिहाल तेच त्याच क्षणी दुसरीवर उमटतं. दोन्हींत अगदी तेच.' म्हणजे सहा वर्षं मी दोन डिस्कांचे पैसे देऊन एकीचीच जागा वापरत होतो. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे समजायला सहा वर्षं लागली.

त्या जागेत काय होतं, ते सांगायला हवं. आमचा छोटा कारखाना, टॉवेल आणि चादरींचा. वडील, अण्णा, डिझाइन काढायचे. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून मोर बसवायचा आणि मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. एक कार्ड म्हणजे कापडातला एक आडवा धागा. जिथं भोक आहे तिथं जेकार्डची सुई आरपार जाते आणि तिचा उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागं ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. आहे किंवा नाही, एवढीच भाषा. फ्रान्समधल्या लियाँच्या झोझेफ मारी जाकारनं हे यंत्र १८०४ च्या सुमाराला उभं केलं. त्याचंच एक रेशमी चित्र पुढे जवळजवळ २४,००० कार्डं लावून विणलं गेलं, आणि त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजनं आपल्या घरात लावली होती. हिशेब करणाऱ्या यंत्राला भोकांची कार्डं द्यायची कल्पना त्याला जाकारच्या यंत्रावरूनच मिळाली. १८९० च्या अमेरिकेच्या शिरगणतीत हॉलरिथनं माणसं मोजली तीही भोकांच्या कार्डांवरच. म्हणजे अण्णा पूर्व भागातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून कॉम्प्युटरचंच काम करत होते. मी मात्र त्यांच्या कार्डांच्या फाइली करून त्या डब्यात टाकल्या आणि वर नॅपकिन पांघरला.

'डिस्क अचानक मेली नसेल,' लेक म्हणाली. 'मेल आले असतील तुम्हाला.' मला कसले मेल? मग आठवलं, डबा बसवताना जीएसटीसाठी उघडलेला पत्ता दिला होता. तो उघडला. फेब्रुवारीपासून एकसष्ट मेल पडून होते, सगळे डब्याचे. 'डिस्क २ वर खराब सेक्टर वाढत आहेत.' सेक्टर म्हणजे डिस्कवरचं छोटं खाचर. एखादं नापीक झालं की डिस्क गुपचूप राखीव खाचर वापरायला काढते आणि त्याची नोंद ठेवते. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला. तपासणीत पहिला दोष सापडला की त्या डिस्कची पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होते, असं त्यात आढळलं. माझी डिस्क तीन महिने पत्रं लिहीत होती. शेवटी पत्रं सोडून तिनं ओरडायला सुरुवात केली, तेव्हा कुठे मी मेन स्विच पाडला.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती आणि ती मी हिच्यासमोर वाचायला नको होती. डिस्क गरम झाली म्हणून लवकर मरते असा जो समज होता, तसा फारसा संबंध त्यांना दिसला नाही; फार जास्त तापमान आणि जुन्या झालेल्या डिस्का तेवढ्या सोडून. 'बघा! माझ्या नॅपकिनला उगाच बोलत होता,' ही म्हणाली. मी पडद्यावरचा आकडा दाखवला, ५६ अंश. 'मे महिन्यातलं सोलापूर त्या "सोडून"मध्ये येतं,' मी म्हटलं. तरी त्या दिवशी जेवताना भाकरीबरोबर शेंगाचटणी मागितली तर ती एक घास सोडून, म्हणजे दुसऱ्या घासाला मिळाली.

आता नवी डिस्क आणायची. चार टीबीची, एवढं मी लिहून घेतलं आणि नव्या पेठेतलं एक दुकान गाठलं. काचेच्या कपाटात साबणाच्या वडीएवढं एक सुबक यंत्र होतं, वर ठळक अक्षरांत चार टीबी. आत हार्ड डिस्कच आहे, असं दुकानातला पोरगा म्हणाला, आणि ते खरंच होतं. घेतलं. घरी येऊन लेकीला व्हिडिओवर दाखवलं. ती काही क्षण गप्प राहिली. 'बाबा, ही बाहेरून वायरीनं जोडायची डिस्क आहे. खणात नाही बसणार.' मी परत करायला निघालो तर म्हणाली, 'थांबा, असू दे. आपल्याला ती लागणारच होती.' कशाला, ते तेव्हा मी विचारलं नाही. चुकीची खरेदी गळ्यात राहिली म्हणून कुणी आपल्याला धीर देतंय, असंच वाटलं.

दुसऱ्या खेपेला शहाणपण केलं. टेप घेऊन खणाचं तोंड मोजलं आणि दुकानात जाऊन आवाज चढवून मागितलं, 'चार इंची डिस्क द्या.' पोरगा म्हणाला, 'काका, चार इंची नसतेच. अडीच किंवा साडेतीन.' मी म्हटलं, मी स्वतः मोजलंय. त्यानं साडेतीन इंची काढून दिली. मी तिथंच टेप लावला. रुंदी चार इंच. लांबी पावणेसहाच्या वर, जाडी इंचभर. साडेतीन इंच काहीच नाही! मग ते नाव आलं कुठून? साडेतीन इंची फ्लॉपीच्या खाचेत ही बसायची म्हणून हिलाही साडेतीन इंची म्हणू लागले. फ्लॉपी गेली, नाव राहिलं. आमच्याकडे साठ इंच पन्ह्याची चादर अठ्ठावन्न भरली तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. मी हे बोलून दाखवलं. पोरगा शांतपणे म्हणाला, 'मग नको का काका?'

नको कशी? पण कुठली, हाही प्रश्नच होता. लेकीनं एक शब्द विचारायला सांगितला होता: शिंगल्ड नको. शिंगल म्हणजे कौल. काही डिस्कांत माहितीच्या रेघा छपरावरच्या कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढवून लिहितात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं म्हटलं की त्याच्या पुढची सगळी ओळ उचलून पुन्हा बसवावी लागते. डबा नव्या डिस्कवर सगळं नव्यानं लिहायला बसतो तेव्हा अशी डिस्क दमून जाते, कधी डबा तिला नापासही करतो. २०२० साली यावरून जगभर ओरड झाली, कारण काही कंपन्यांनी पेटीवर न सांगताच कौलारू डिस्का विकल्या होत्या. पोरग्यानं कौलारू नसलेली, नॅससाठीच बनवलेली डिस्क दिली. मी बिल घेतलं आणि निघताना विचारलं, 'ही धाब्याची आहे ना नक्की?' त्याला कळलं नाही. आमचं जुनं घर धाब्याचं होतं, त्याचं फ्लॅटमध्येच आयुष्य गेलेलं.

घरी आलो तर लेकीचा फोन. 'बाबा, डब्याला अजून हात लावू नका. आधी ती चुकून आणलेली डिस्क लावा आणि सगळ्याची एक प्रत काढा.' मी म्हटलं, अगं, एक डिस्क जिवंत आहे की. 'आहे. पण ती मेलेलीच्याच वयाची आहे. एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेली. एका लॉटमधल्या एका टॉवेलाचा रंग गेला तर दुसऱ्याचा भरवसा तुम्ही द्याल?' दिला नसता. रात्रभर कॉपी चालली. सकाळी बघतो तर झाली होती. वायर काढताना मला पहिल्यांदाच वाटलं, की या सगळ्या प्रकारात माझ्याकडून झालेलं एकमेव शहाणपण हे चुकून झालेलं आहे.

आता मुख्य काम. लेक व्हिडिओवर. आमचे जॉबरमामा, म्हणजे माग दुरुस्त करणारे, चहाला आले होते ते बघायला थांबले. मी डब्याचं पुढचं झाकण काढलं. दोन खण, शेजारी शेजारी, दोघांना कड्या. नंबर कुठंच दिसेना. पडदा डिस्क २ म्हणतो. पण दोन डावीकडून का उजवीकडून? मी माझी पद्धत वापरली. डब्याला कान लावला. डावीकडून कुर्र कुर्र, मधेच टक्, पुन्हा कुर्र असा आवाज येत होता. उजवीकडची एकदम शांत. निदान सोपं होतं. कण्हते ती आजारी. शांत झोपली आहे ती तब्येतीनं ठणठणीत. मी डावीकडची कडी उघडली. खुट्ट. ट्रे ओढायला बोट घातलं.

'काय करलालाव ओ मालक?' जॉबरमामा बशी खाली ठेवत ओरडले. 'शेडमधी कुठला माग गप असतो?'

मी बोट तसंच ठेवून थिजलो. तीस वर्षं मी मागांच्या खडखडाटात काढली. झोपेतही एखादा माग थांबला तर मला जाग येते. गप्प माग म्हणजे बंद माग, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. कण्हत होती ती काम करत होती. दोघींचं काम एकटी ओढत होती. गप्प होती ती मेलेली होती. डबा चालू असताना मी ती जिवंत डिस्क ओढली असती, तर त्याच्या हातातून होतं तेही गेलं असतं. पडद्यावरून लेकीचा आवाज येत होता, 'बाबा, कडी लावा. लावा कडी. आधी बंद करा.' मी कडी लावली. हाताला घाम फुटला होता. तो मे महिन्याचा नव्हता.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. प्रत्येक डिस्कला सिरीयल नंबर असतो, माणसाच्या आधारसारखा. पडद्यावर निकामी डिस्कचा नंबर वाचला आणि त्याचे शेवटचे चार आकडे तळहातावर लिहिले. डबा पडद्यावरूनच रीतसर बंद केला. दिवे जाऊ दिले, वायर काढली. बंद डब्यातून चुकीची डिस्क निघाली तरी फिकीर नाही, पुन्हा जागेवर सारली की झालं. चालू डब्यातूनही काढता येते, त्याला हॉट स्वॅप म्हणतात, गरम अदलाबदल. पण आपण कुठली काढतोय हे ज्याला माहीत आहे त्यानंच तो खेळ खेळावा. उजवीकडचा ट्रे ओढला आणि चिकटपट्टीवरचा नंबर तळहाताशी ताडला. जुळला. जॉबरमामा म्हणाले, 'मेल्याची वळख पटली.'

चार स्क्रू काढून नवी डिस्क ट्रेवर बसवली. टेस्टरनंच, कारण मराठी घरात स्क्रू ड्रायव्हर म्हणजे टेस्टरच असतो. स्क्रू मी अंगात आल्यासारखा पिळायला लागलो, तेव्हा मामांनी मनगट धरलं, 'बीम नाही बसवत आपण.' काम फत्ते झाल्यावर मला नीटनेटकेपणा सुचला. तारीख लिहिलेली एक चिठ्ठी नव्या डिस्कवर चिकटवली आणि लेकीला दाखवली. तिनं डोळ्यांवर हात ठेवला. चिठ्ठीच्या खाली एक बारीक भोक होतं आणि त्याच्याशेजारी इंग्रजीत लिहिलेलं होतं, हे भोक झाकू नका. आतली हवा बाहेरच्या दाबाशी जुळती ठेवायला ते ठेवतात. डिस्क फिरते तेव्हा वाचणारी सोंड चकतीला टेकत नाही, हवेच्या पातळ गादीवर काही नॅनोमीटर वर तरंगते; केसाची जाडी त्याच्या हजारो पट. आमच्या घरात भोक दिसलं की झाकायची खोड फक्त हिलाच आहे असं नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

डबा सुरू केला. पीक् पुन्हा सुरू झालं, पण या वेळी ते ओळखीचं वाटलं. पडद्यावर नवी डिस्क दिसली: ३.६ टीबी. माझा हात बिलाकडे गेला. चारचे पैसे घेऊन ३.६! पोरग्याला फोन लावणार तेवढ्यात लेकीनं हिशेब सांगितला. डिस्क बनवणारा हजारावर हजार मोजतो, डबा १०२४ वर १०२४ मोजतो. असं चार वेळा केलं की नऊ टक्के फरक पडतो. मी कागदावर मांडून पाहिलं आणि एकदम हसू आलं. चार वार कापड मीटरनं मोजलं तर ३.६६ भरतं. वार आणि मीटर! हा घोळ तर आमच्या दुकानात अण्णांच्या वेळेपासून आहे. बायका वार मागतात, आम्ही मीटर फाडतो, आणि दोन्ही बाजूंना दुसरा फसवतोय असं वाटतं. फोन मी हळूच खाली ठेवला.

'रिपेअर' असं लिहिलेलं बटण दाबलं तर पिवळी सूचना आली: या डिस्कवरची सर्व माहिती पुसली जाईल. मी पुन्हा थिजलो. कुठल्या डिस्कवरची? हिनं खांद्यावरून वाचलं. 'नवी आहे ना ती? कोऱ्या पाटीवरचं काय पुसणार?' तरी मी तळहातावरचे आकडे ताडून पाहिले. ते जुन्या डिस्कचे होते, त्यांचा आता काही उपयोग नव्हता. बटण दाबलं. रीबिल्ड सुरू झालं. लेक त्याला पुनर्बांधणी म्हणाली, मी जीर्णोद्धार म्हणतो. जिवंत डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचायची आणि नवीवर उतरवायची. एक टक्का व्हायला सात मिनिटं. मी खुर्ची ओढून बसलो. 'दूध आहे का ते, उतू जायला?' हिनं विचारलं. रात्री एकला वीज गेली. यूपीएस ओरडला, दोन मिनिटांनी वीज आली, आणि टक्का तसाच पुढं सरकला. त्या दोन मिनिटांत मी यूपीएसला जे नमस्कार केले, ते सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत अडुसष्ट लिंगांना मिळूनही केले नसतील. बारा तासांनी पडदा हिरवा झाला. पीक् थांबलं, तर मला करमेना.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मला आता येत होतं ना! त्याच दुपारी मी डब्यातला पसारा आवरायला घेतला. 'जुनं' नावाचं एक फोल्डर होतं. जुनं म्हणजे नको असलेलं, असं समजून पुसून टाकलं. संध्याकाळी अण्णांचा मोर शोधायला गेलो, तर मोर त्याच्यातच होता. 'काही नाही,' मी स्वतःशी म्हटलं, 'दुसऱ्या डिस्कवर असेल की.' लेकीला विचारलं. ती म्हणाली, 'बाबा, आरशासमोर टोपी काढली तर आरशातल्याच्या डोक्यावर राहते का?' मी पुसलं त्याच क्षणी दोन्हींवरून पुसलं गेलं होतं. आरसा डिस्कच्या मरणापासून वाचवतो, माझ्या हातापासून नाही. मग ती साबणाच्या वडीएवढी, चुकून घेतलेली डिस्क काढली. मोर तिच्यात होता, पिसारा फुलवून, सगळ्या चौकोनांनिशी.

लेकीनं मग तिचा नियम सांगितला: तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या तऱ्हेच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, दुसऱ्या छपराखाली. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरनं हा नियम लोकांच्या तोंडी केला म्हणे. मी ऐकत होतो आणि डोळ्यांसमोर गाठोडी येत होती. अण्णा प्रत्येक चांगल्या डिझाइनच्या कार्डांचा दुसरा जोड पाडून घ्यायचे आणि तो अक्कलकोटला आत्याकडे पाठवायचे. शेडमध्ये कापूस, वरती वायरी. आग लागली तर एका रात्रीत सगळं जाईल, म्हणून. लहानपणी ती गाठोडी एसटीच्या टपावर चढवताना मी रडकुंडीला यायचो आणि म्हणायचो, म्हातारा विनाकारण राबवतो.

त्या रविवारी मी ती डिस्क नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि अक्कलकोटची एसटी धरली. आत्यानं माळ्यावरची पत्र्याची पेटी दाखवली. आत अण्णांची कार्डं दोऱ्यांनी ओवलेली, कडेला त्यांच्या अक्षरात नाव: मोर, काठाचा. मी त्यावर माझी पुडी ठेवली. आत्यानं ती उचलून तळहातावर तोलली. 'सगळी डिझाइनं? एवढ्यात?' मग नॅपकिनचं टोक चाचपत म्हणाली, 'नीट गुंडाळलंस. पण सूनबाईचा फोन आला होता. चालू असताना त्याला पांघरूण घालू नको म्हणे.'